धनराजभाऊंच्या चार सीटा

माणूस मोटारसायकलवर बसतो तेव्हा त्याचं सगळं वजन दोन हाडांवर येतं. ढुंगणाच्या मांसाआड, अंगठ्याच्या टोकाएवढी दोन हाडं. लाकडी बाकावर पाऊण तास बसून बघा, ती आपणहून ओळख देतील. धुळ्याला आग्रा रोडवर माझं सीटांचं दुकान होतं. तिथे मी उभा जन्म जे काम केलं ते एवढंच होतं. लोकांची ही दोन हाडं शोधायची आणि त्यांच्याखाली नीट काहीतरी भरायचं.

गिऱ्हाइकाला मात्र वाटायचं, सीट पसंत करणं म्हणजे रेक्झिनचा रंग पसंत करणं. लाल घेऊ की काळं, पायपिंग पांढरी बसेल का, मागे नाव शिवून मिळेल का? मी म्हणायचो, रंग शेवटी बघू, आधी वाळूत बसा. दुकानात एक लाकडी खोकं होतं. त्यात पांझरा नदीची चाळलेली वाळू असायची, हाताला जेमतेम ओली लागेल अशी. माणूस त्यावर बसून उठला की वाळूत दोन खळगे उमटायचे. त्यांच्यातलं अंतर आणि खोली मी मोजायचो आणि गिऱ्हाइकाच्या नावापुढे वहीत लिहून ठेवायचो. त्यावरून सीटचा पत्र्याचा तळ किती रुंद ठेवायचा, काथ्या कुठे, फोम कुठे, शिवण कुठून न्यायची, हे ठरायचं. हाडाखाली शिवण आली की ती तिसाव्या मैलाला सुरीसारखी लागते. सीटचं नाक रुंद झालं की मांड्या सोलवटतात. सीट पुढे उतरती झाली की माणूस टाकीवर घसरत राहतो आणि मनगटं गळून जातात. समोरचा पंक्चरवाला माझ्या वाळूची नक्कल करून दाखवायचा आणि अख्खा आग्रा रोड हसायचा. पण लांब पल्ल्याला जाणारी माणसं माझ्याकडेच यायची.

चोपड्याचे एक केळीचे व्यापारी होते, सगळे त्यांना आबा म्हणत. देह भारी आणि वाणी त्याहून भारी. त्यांना सीट गादीसारखी मऊ हवी होती. मी सांगून पाहिलं, "आबा, मऊ सीट पहिल्या दहा मैलांची. पुढच्या नव्वद मैलांना कडकच लागते. फोम दबतो, हाड खाली पत्र्याला टेकतं."

"पैसे मी देतो की तू?" आबा म्हणाले. मी मुकाट्याने वीतभर फोम भरून दिला. आबा इंदूरला म्हणून निघाले ते वाटेतल्या सेंधव्यापर्यंतच पोचले. तिथे ओळखीच्याच्या अंगणात गाडी लावली आणि एस.टी.ने परत आले. जागा असून सगळी वाट उभ्याने आले, असं कंडक्टरनेच मला सांगितलं. नंतर त्यांना मी कडक सीट करून दिली. ती त्यांनी गाडी विकेपर्यंत वापरली.

असे गमतीचे किस्से पुष्कळ आहेत आणि चार लोकांत मी तेच सांगत आलो. पण माझा धंदा म्हटला की मला स्वतःला आबा आठवत नाहीत, धनराजभाऊ आठवतात.

धनराजभाऊ शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यातले. विहिरीवरची ऑइल इंजिनं आणि पंप दुरुस्त करायचे. शिरपूर, दोंडाईचा, पार चोपड्यापर्यंत त्यांची फटफटी फिरायची. मागे पान्यांची लोखंडी पेटी दोरीने बांधलेली. चाळिशीच्या आतबाहेरचा माणूस, रुंद छातीचा. पहिल्यांदा दुकानात आले ते साठ सालानंतर दोन-तीन वर्षांनी. येताच अहिराणीत म्हणाले, "मास्तर, दिनभरमा शंभर मैल व्हतस. मनं बूड वाचाडा, बस."

त्यांना मी पहिली सीट केली. खाली काथ्या, वर दोन बोटं घट्ट फोम, उन्हात रेक्झिन तापू नये म्हणून वरून मांजरपाटाची खोळ. सीट तयार झाल्यावर गिऱ्हाईक तिच्यावर बसून बघतं. धनराजभाऊंनी ती उलटी केली आणि तळाचे टाके बघितले. "वरतून बठ्ठं चांगलंच दिसस. काम खालतून समजस," म्हणाले. बठ्ठं म्हणजे सगळं. मला तो माणूस तिथेच आवडला. मी चहा मागवला तो त्यांनी उभ्यानेच घेतला. दिवसभर बसलेलंच असतो, म्हणाले.

ती सीट चार वर्षं चालली. त्यांच्या शब्दावर खेड्यापाड्यातून माझ्याकडे किती गिऱ्हाइकं आली त्याला गणती नाही. येता-जाता ते दुकानापाशी थांबायचे. एखाद्या विहिरीत कसे उतरले, पंप कसा काढला, ते सांगायचे. आमची मैत्री झाली, असं म्हणायला हरकत नाही.

एका हिवाळ्यात ते गाडीवरून उतरले आणि टाकीला धरूनच उभे राहिले.

"मास्तर, सीट चावस."

"कुठे?"

"कंबरमा. पंधरा-वीस मैल व्हयनात का धरी लेस."

मी सीट उसवली. फोम ठणठणीत होता. तरी नवा भरला. पंधरा दिवसांत ते परत आले. या वेळी मी त्यांना वाळूत बसवलं आणि उठल्यावर खळगे बघत राहिलो. वहीतल्या जुन्या मापात दोन्ही खळगे सारखे होते. आता डावा खळगा उजव्यापेक्षा बोटभर खोल होता. आणि दोन्हींच्या कडा धारदार झाल्या होत्या, हाडावरचं मांस गेल्यासारख्या.

"भाऊ, बारीक झालात," मी म्हणालो.

"विहिरी उतरी उतरी," ते हसले.

हे नीट सांगायला हवं. माणूस डावीकडे कलून बसतोय हे मला दिसलं होतं. त्यांच्या घरातल्यांच्या आधी, डॉक्टरच्या आधी, वाळूत मला स्पष्ट दिसलं होतं. पण मी सीटवाला. मला त्यात सीटच दिसली. उलट आनंद झाला, की दुसऱ्या कुठल्या दुकानात हे कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नसतं. मी त्यांना दुसरी सीट केली. उजव्या बाजूला नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, थर दिले, म्हणजे कललेल्या माणसाला कललेलीच बैठक मिळेल. कंबरेमागे पेटीला टेकून एक उशी शिवली. भाऊ बसले आणि डोळे मिटले.

"मास्तर," मग म्हणाले, "जादू शे तुमना हातमा."

त्या सीटवर ते चार महिने फिरले. मधे दोनदा आले. दोन्ही वेळा वाळूतला डावा खळगा आणखी खोल आणि दोन्ही वेळा मी उजवीकडे आणखी एक थर घातला. दुसऱ्या खेपेला ते उतरले तेव्हा पाय झटकत उभे राहिले. "पाय झोपी जातस," म्हणाले. मी म्हणालो, सीटची पुढची कड मांडीखालची शीर दाबत असेल. कड तासून दिली. मला सगळ्याचं उत्तर येत होतं.

उन्हाळ्यात चोपड्याकडे एका विहिरीतून वर येताना त्यांचे पाय गेले. कंबरेला दोर होता म्हणून वाचले. शेतातल्या माणसांनी ओढून वर काढलं आणि बैलगाडीतून, मग ट्रकमधून धुळ्याच्या दवाखान्यात आणलं. निरोप आला तसा मी दुकान उघडं टाकून गेलो.

त्यांची बायको कलावहिनी तिथे आधीच आली होती. त्या धुळ्यातल्याच, सातवीपर्यंत शिकलेल्या, बोलणं शहरातलं. डॉक्टरांनी क्ष-किरणाची काच उजेडात धरून दाखवली. मणक्यांचा क्षय होता. दोन मणके पोखरून बसले होते आणि पू मज्जारज्जूवर दाबत होता. "पाठ दुखायला लागली तेव्हाच यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा औषध सुरू झालं असतं तर हे स्वतःच्या पायांनी घरी गेले असते. या अवस्थेत इतके महिने मोटारसायकलवर बसले कसे?"

धनराजभाऊ खाटेवरून मान वळवून माझ्याकडे बघून हसले. त्यांच्या डोळ्यांत कौतुक होतं.

"या मास्तरनी सीट करी दिधी व्हती ना, साहेब. जराभी दुखे नही."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

वर्षभर प्लास्टर, रोजची इंजेक्शनं, गोळ्या. क्षय बरा झाला. पाय आले नाहीत. कंबरेखाली चिमटा काढला तरी कळत नव्हतं. धनराजभाऊ घरी खाटेवर पडून राहिले. ओसरीवर त्यांची म्हातारी आई, आत कलावहिनी, आणि अंगणात पोत्याने झाकलेली फटफटी.

मी भेटायला गेलो की ते तिच्याकडे बोट दाखवायचे. "तिले तीन चाकं लावा, मास्तर. पेटी मना हातमा द्या. विहिरना काठवर बठसू आनि तोंडघाई सांगसू. पंप माले अजून ऐकूच येतस."

म्हणजे इंजिनाच्या आवाजावरून काय बिघडलंय ते ते सांगू शकत होते, आणि ते खरंच होतं. मी रशीदभाईंकडे गेलो. रशीदभाई आमच्या रस्त्यावरचे वेल्डर, हाताने सोनं आणि तोंडाने कडू. त्यांनी गाडीचं मागचं चाक काढून आडवा आस टाकला, दोन बाजूंना दोन चाकं दिली, पायाचा ब्रेक आणि गिअर हातात आणले. सरकारी कागदपत्रांचं काय केलं ते आजही लिहीत नाही. सहा आठवड्यांत तीनचाकी उभी राहिली. सीट माझ्याकडे होती.

ही तिसरी सीट मी जितकं मन लावून केली तितकं दुसरं काहीच केलं नाही. मला काहीतरी फेडायचं होतं. धनगरांकडून लोकर आणून धुतली, पिंजली, थरावर थर दिले. पाठीला उंच टेकू, दोन्ही बाजूंना हात, पडू नये म्हणून कंबरेला पट्टा. मापासाठी रशीदभाईंनी आणि मी त्यांना उचलून वाळूत बसवलं. नंतर तयार सीटवर बसवलं आणि सवयीने विचारलं, "भाऊ, कुठे टोचतंय?"

त्यांनी मांडीवर मूठ आपटली.

"माले काहीच समजत नही, मास्तर. गादी शे का दगड शे, बठ्ठं सारखंच."

तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. पण त्या वाक्यात माझ्या धंद्याचा तळच निघाला होता, हे मला कळायला हवं होतं. सीट चांगली की वाईट हे आजवर मला कोण सांगत होतं? गिऱ्हाइकाचं दुखणं. ते सांगणार, मी दुरुस्त करणार. ज्याला दुखतच नाही त्याची सीट कशी जोखायची, याचा विचार मी केलाच नाही.

एका गोष्टीची मला कायम लाज वाटते. माझे वडील घोड्यांची खोगिरं शिवायचे. टांगेवाले, इनामदार, पोलिसपाटील, सगळे त्यांच्याकडे यायचे. खोगीर कितीही चांगलं असो, ते उतरवलं की वडील घोड्याच्या पाठीवर तळहात फिरवायचे. कुठे गरम लागतंय का, कुठे केस गेलेत का. "जनावर बोलत नाही, आपण हाताने विचारायचं," असं म्हणायचे. हे मी लहानपणापासून बघितलेलं. कलावहिनींना एवढंच सांगायला हवं होतं, की रोज भाऊंच्या अंगावरून हात फिरवा, खालची चामडी बघा. मी नाही सांगितलं.

तीनचाकीवर धनराजभाऊ पुन्हा फिरू लागले, आणि ते दिवस त्यांच्यासाठी खरोखर चांगले होते, हेही सांगितलं पाहिजे. शेतकरी त्यांची तीनचाकी विहिरीच्या काठावर सावलीत उभी करायचे. ते डोळे मिटून इंजिन ऐकायचे आणि सांगायचे, "वॉल्व देख. नही, ते नही, त्याना बाजूना." लोक कामं राखून ठेवून त्यांची वाट बघायचे. एकदा ते एकटे जळगावला जाऊन आले. आले ते थेट दुकानासमोर, भोंगा वाजवत. पंक्चरवाल्यासकट सगळा रस्ता बघायला बाहेर आला.

तीन महिन्यांनी कलावहिनी एकट्याच दुकानात आल्या. "मास्तर, जरा बाहेर या," म्हणाल्या. बाहेर लिंबाखाली उभं राहून हळू आवाजात सांगितलं. दोन दिवस वास येत होता. उंदीर मेला असेल म्हणून त्यांनी सगळं घर धुंडाळलं. मग भाऊंना कुशीवर वळवलं तर डाव्या हाडापाशी सुपारी मावेल एवढी जखम. आत काळं.

"त्यांना पत्ताच नाही," वहिनी म्हणाल्या. "मी सांगितलं तर म्हणाले, दुखत नही तर जखम कसानी?"

डॉक्टरांनी जखम साफ केली, औषधं दिली आणि बजावलं की भरून येईपर्यंत बसायचं नाही. दोन महिने, कदाचित तीन. पालथं पडून राहायचं. धनराजभाऊ अठरा दिवस पडले. एकोणिसाव्या दिवशी भावकीतल्या दोघांनी त्यांना उचलून तीनचाकीवर ठेवलं आणि ते माझ्या दारात आले. वहिनी मागच्या फळीवर बसून सोबत आल्या होत्या.

"मास्तर, जखम शे तठे सीटले भोक पाडा. हाड अधर राही. जखमले काही लागावच नही."

मी म्हणालो, "भाऊ, डॉक्टरांनी बसूच नका म्हणून सांगितलंय."

"डॉक्टर घर जातस. मी खाटलावर पालथा पडस. माले जमीन दिसस, मास्तर, बाकी काहीच दिसत नही. माय येस, पाय देखस, रडस. असा पडी राहसू तर मरी जासू."

"जखम वाढली तरी मराल."

"मंग विहिरना काठवर मरसू."

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी नाही म्हणावं असं मला वाटत होतं, म्हणजे माझी सुटका झाली असती. त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. घरात अठरा दिवस काय चाललं होतं ते त्यांनी बघितलं होतं, मी नाही.

मी पुन्हा एकदा नाही म्हणालो. भाऊ हातातला पाना फिरवत बसले. आणि मग एक गोष्ट झाली, जिचा मला सगळ्यात जास्त राग येतो. माझं डोकं आपोआप चालू लागलं. भोक पाडलं तर कडा दबतील, म्हणून कडेने रबरी नळीचं कडं बसवावं. नळीवर लोकर, लोकरीवर मऊ कातडं. कडं माणसाला पेलेल आणि मधला भाग खरोखरच हवेत राहील. वाऽ. धंद्यातली एक नवी युक्ती मला सुचली होती. मी म्हणालो, "दोन दिवस द्या."

ती चौथी सीट. सुबक झाली होती. वहिनींनी जखमेवर औषधाची पट्टी बांधली, आम्ही त्यांना बसवलं. मी खालून हात घालून बघितलं, जखम अधांतरी होती, कशालाच टेकत नव्हती. मला समाधान वाटलं. भाऊंनी सीट उलटी करून टाके बघायचं तेवढं राहिलं, म्हणून मी चेष्टाही केली.

पाच आठवडे ते फिरले. सहाव्या आठवड्यात ताप भरला आणि उतरेना. दवाखान्यात जखमेची पट्टी काढली तेव्हा मी खोलीबाहेर होतो, तरी वास आला. सुपारीएवढी जखम वाढून तिच्यात मूठ मावेल अशी झाली होती आणि खाली हाड उघडं पडलं होतं.

डॉक्टर बाहेर आले. तेच डॉक्टर, क्ष-किरणाची काच दाखवणारे. म्हणाले, "ती भोकाची सीट कोणी केली?"

"मी."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. दाराजवळच्या टेबलावरचा दोरा घेतला आणि माझ्या बोटाला घट्ट गुंडाळला. बोटाचं टोक पांढरं पडलं, मग निळसर.

"टोकाला काही लागतंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तरी ते मरतंय. तुमच्या कड्याने हेच केलं. चहूकडून दाब दिला, मधल्या मांसाला रक्तच पोचलं नाही. कल्पना हुशारीची आहे. मीसुद्धा शिकलो नसतो तर मला पटली असती." मग दोरा सोडला.

विष रक्तात गेलं होतं. आता इथे ठेवून उपयोग नाही म्हटल्यावर वहिनींनी त्यांना घरी नेलं. मी तिसऱ्या दिवशी गेलो. शुद्ध येत-जात होती. मला ओळखलं की नाही ते सांगता येत नाही. "नोझल साफ करा," असं दोन-तीनदा म्हणाले, इंजिनाचं. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते गेले. फाल्गुन होता, विहिरींना पाणी कमी झालेलं, पंपांच्या कामाचे दिवस.

अंगणात लोक जमले होते. त्यांची आई तीनचाकीपुढे उभी राहून तिच्यावर धोंडे मारत होती. दिवा फुटला. "या फटफटीनी मना आंडोर खाई टाका," म्हणत मुलाच्या नावाने ओरडत होती. कोणी तिला अडवलं नाही. मीही नाही.

दुकान पुढेही चालवलं. दुसरं काही येत नव्हतं. पण कोणी कंबर दुखते म्हणून आला की मी आधी विचारायला लागलो. वजन उतरलंय का, संध्याकाळी अंग गरम होतं का, पाय झोपतात का, दुखणं गाडीवरून उतरल्यावरही राहतं का? हो म्हणाला की मी सीटला हात लावत नसे, दवाखान्याची वाट दाखवत असे. बरेचजण चिडायचे. पिंपळनेरचे एक गुरुजी म्हणाले, "सीट शिवायला आलोय, नाडी दाखवायला नाही," आणि दुसऱ्या दुकानात गेले. गिऱ्हाईक कमी झालं. भोकाची सीट पुन्हा केली नाही. मूळव्याधीवाले फार मागायचे, तरी नाही.

भाऊ गेले त्याच वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, कलावहिनी दुकानात आल्या. तीनचाकी भंगारात दिली म्हणून सांगायला आल्या होत्या. बसल्या. मी पाणी दिलं. बोलणं संपलं तरी उठल्या नाहीत, मीही काम हातात घेतलं नाही. आणि मग मी ते सांगून टाकलं. इतके महिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

"वहिनी, भाऊ त्या हिवाळ्यात आले तेव्हाच मला दिसलं होतं. ते डावीकडे कलून बसत होते. हाडावरचं मांस गेलेलं होतं. प्रत्येक खेपेला वाढत होतं. मी त्यांना डॉक्टरकडे जा म्हणायला हवं होतं. मी सीट करून दिली. सीट चांगली होती म्हणून ते फिरत राहिले. खराब असती तर चार महिने आधी दवाखान्यात गेले असते."

त्या रडतील, ओरडतील, उठून जातील, सगळ्याची तयारी होती. त्या पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"त्यांचे बनियन रोज सकाळी पिळून काढावे इतके ओले असायचे," त्या म्हणाल्या. "थंडीत. बाहेर आम्ही शेकोटी करायचो आणि यांचं अंथरूण घामाने भिजलेलं. मी रोज धुऊन वाळत घालायची. माझे वडील क्षयानेच गेले, मास्तर. त्यांचेही कपडे असेच भिजायचे, मी लहानपणी आईबरोबर तेही धुतलेत. मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी तोंड उघडलं नाही. बोलले असते तर ते खरं झालं असतं."

रस्त्यावरून ट्रक जात होते. एकमेकांना तुमची चूक नाही असं म्हणायची पद्धत आहे. आम्ही म्हणालो नाही.

निघताना त्या दारात थांबल्या. "हे सासूबाईंच्या कानावर जाऊ देऊ नका. त्यांना वाटतं, गाडीनेच खाल्लं. तसंच राहू द्या. त्या माझ्या हातचं जेवतात."

मी शब्द दिला आणि पाळला. म्हातारी पुढे बरीच वर्षं जगली. सुनेच्या हातचं जेवली आणि शेवटपर्यंत रस्त्यावर फटफट ऐकू आली की कानांवर हात ठेवायची, असं कळलं. गावात अजूनही लोक सांगतात, धनराजला फटफटीने मारलं. मागच्या वर्षी कलावहिनीही गेल्या. आता हा शब्द पाळायला पलीकडे कोणी उरलं नाही, म्हणून लिहिलं. गाडीचा काही दोष नव्हता.